सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंड: तारखेआधी उंची बघा

गणपती जवळ आले की पुण्या-ठाण्याहून फोन सुरू होतात. "सप्टेंबरात यायचं म्हणतोय, थंडी कितपत असते गं तिकडे?" मी इथे राहते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या पाचवीलाच पुजलाय, आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे: किती मीटरवरची थंडी विचारताय? समोरच्याला हा आगाऊपणा वाटतो. पण शरदाच्या सुरुवातीला इथली हवा खरोखरच उंचीप्रमाणे बदलते. सकाळी नऊला झुरिक धुक्यात गुडुप असतं, त्याच वेळी रिगी डोंगरावर लोक उन्हात बाही सरसावून कॉफी पीत बसलेले असतात आणि त्याहून खूप उंच युंगफ्राउयोखला पारा शून्याच्या खाली असतो. देश तोच, दिवस तोच. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं नियोजन सोपं जातं.

१. आठवडा निवडा

माझ्या मते सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे इथे यायला सर्वांत चांगले. झुरिक, बर्न, ल्युसर्न या सखल भागात दुपारी १८ ते २२ अंश, रात्री १० च्या आसपास. जुलै-ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते, पण बोटी, रोपवे, डोंगरावरच्या गाड्या सगळं उन्हाळी वेळापत्रकावर चालू असतं.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत शाळांना शरदाची सुट्टी लागते. प्रत्येक कँटनची, म्हणजे इथल्या राज्याची, वेगळी, त्यामुळे हा काळ लांबतो. डोंगरातली हॉटेलं शनिवार-रविवारी भरतात. सखल भागात धुकं बसायला लागतं. पण एंगाडीन खोऱ्यातली लार्चची झाडं सोनेरी व्हायची वेळही हीच, आणि त्यासाठी धुकं सोसायला माझी हरकत नसते.

आता सापळा. आपल्याकडे मुलांना मोठी सुट्टी मिळते ती दिवाळीची, म्हणून बरेच जण ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात येतात. नेमक्या त्याच सुमारास अनेक रोपवे वार्षिक देखभालीसाठी बंद होतात. दारावर 'रेव्हिजन' अशी पाटी लागते आणि एक-दोन आठवडे, कुठे त्याहून जास्त, सगळं ठप्प. ब्रिएन्झ रोटहॉर्नची वाफेची गाडी आणि शिनिगे प्लाटेची जुनी गाडी ऑक्टोबरच्या अखेरीस थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबतात. ग्लेशियर एक्सप्रेससुद्धा साधारण मध्य ऑक्टोबर ते डिसेंबर धावत नाही. तिकीट काढण्याआधी, ज्या डोंगरावर जायचंच आहे त्याच्या संकेतस्थळावर देखभालीच्या तारखा बघा. टूरवाल्याच्या पत्रकावर विसंबू नका, त्यावर फोटो जानेवारीचा असतो.

उजेडही घटत जातो. १ सप्टेंबरला सूर्यास्त आठच्या सुमारास, १ ऑक्टोबरला सातच्या सुमारास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मग सव्वापाचलाच दिवस संपतो.

२. हवेचे थर ओळखा

हा भाग नीट वाचा, सहलीचा निम्मा पैसा इथे वाचतो किंवा बुडतो.

*खालचा थर, साधारण १,००० मीटरपर्यंत.* जुरा आणि आल्प्स या डोंगररांगांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे जिनिव्हापासून बोडन सरोवरापर्यंत, रात्री थंड हवा तळाशी साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. त्यातून धुकं होतं. सप्टेंबरात ते बहुधा दुपारपर्यंत विरतं. ऑक्टोबर सरता सरता दिवसभर हलत नाही. ईशान्येचा गार वारा सुटला, त्याला इथे बीझ म्हणतात, की धुक्याची वरची पातळी आणखी चढते. हवामान अंदाजात ही पातळी मीटरमध्ये दिलेली असते. तोच तुमचा कामाचा आकडा.

*मधला थर, साधारण १,५०० ते २,२०० मीटर.* रिगी (१,७९८), श्टान्सरहॉर्न (१,८९८), पिलाटुस (२,१२८). धुक्याच्या दिवशी सोनं इथे असतं. व्हिट्झनाउहून रिगीवर जाणारी दात्यांच्या रुळांवरची गाडी, १८७१ ची, युरोपातली अशी पहिली, सुरुवातीला राखाडीतूनच चढते. काचेवर थेंब, बाहेर जेमतेम कुंपण दिसतंय. काल्टबाड या मधल्या स्थानकाच्या अलीकडे-पलीकडे उजेड पिवळट होतो, पाइनचे शेंडे उमटतात आणि दोन-तीन मिनिटांत डबा उन्हानं भरतो. डब्यातले सगळे एकदम मोबाइल काढतात. खाली पाहावं तर सरोवर गायब, नुसता पांढरा समुद्र आणि त्यातून वर आलेली शिखरं.

*वरचा थर, २,५०० च्या वर.* टिटलिसचं वरचं स्थानक ३,०२० मीटर, गॉर्नरग्राट ३,०८९, युंगफ्राउयोख ३,४५४. हजार मीटर चढलं की पारा सरासरी साडेसहा अंशांनी उतरतो. इंटरलाकेन ५७० मीटरवर. तिथे १८ अंश असतील तर युंगफ्राउयोखला हिशेबानं उणे एक येतो, वारा धरून आणखी कमी वाटतं. इथे सप्टेंबरातही मनसोक्त बर्फ पडू शकतो. २०२४ च्या सप्टेंबरच्या मध्यावर आल्प्समध्ये भरपूर बर्फ झाला आणि उंचावरचे अनेक घाट बंद पडले. आठवडाभर आधी लोक तळ्यात पोहत होते.

या तीन थरांखेरीज दोन पाहुणे वारे-पाऊस लक्षात ठेवा. पहिला *फ्योन*, दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून उत्तरेच्या खोऱ्यांत उतरणारा कोरडा, गरम वारा. तो सुटला की आकाश काचेसारखं स्वच्छ होतं, आल्टडॉर्फसारख्या गावात ऑक्टोबरातही घाम येतो, मोबाइलवर सूर्याचं हसरं चित्र असतं आणि रोपवे मात्र वाऱ्यामुळे बंद! नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते ती याच दिवशी. दुसरा, आल्प्सच्या दक्षिणेकडच्या तिचिनो कँटनचा पाऊस. फ्योनच्या दिवसांत दक्षिणेकडची ओली हवा डोंगराच्या पलीकडेच अडते आणि लोकार्नो-लुगानोला धो धो कोसळते. कोकणातला पाऊस पाहिलेल्यालाही तो किरकोळ वाटणार नाही.

उलटही होतं. उत्तरेला दिवसचे दिवस राखाडी असताना दक्षिणेला लख्ख ऊन. गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा पायथ्याचा रेल्वे बोगदा २०१६ पासून चालू आहे आणि झुरिकहून लुगानो दोन तासांच्या आसपास आलंय. म्हणजे हवा आवडली नाही तर डोंगर ओलांडून दुसऱ्या हवेत जाता येतं, तेही त्याच प्रवासी पासवर (त्याबद्दल मुद्दा ५ मध्ये).

३. व्हिसाची तयारी

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. १५ दिवसांवर कोणी जाऊ नका. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या व्हीएफएस केंद्रांवर, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रांवर, वेळ मिळणं मुश्कील होतं. सप्टेंबरात यायचं तर जूनमध्ये अर्ज टाकून मोकळे व्हा. बाकी देशही फिरणार असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला
- भरलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- विमानाचं आणि मुक्कामाचं आरक्षण, दिवसवार कार्यक्रम
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरण, नोकरी असल्यास कंपनीचं रजेचं पत्र
- मुलं असतील तर जन्मदाखला. एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र
- शुल्क: मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली माफ, केंद्राचे पैसे वेगळे

विमा घेताना ३०,००० चा आकडा बघून थांबू नका. डोंगरावरून हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा खर्च त्यात धरलाय का, ते विचारा. इथे तो प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही आणि बिल घाम फोडणारं असतं.

ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला रांगेत वेळ जातो. म्हणून उतरल्या दिवशीच्या ट्रेनचं ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट, ज्याला सुपरसेव्हर म्हणतात, घेऊ नका. ती गाडी चुकली की ते तिकीट वाया.

४. मुक्काम दोनच ठिकाणी

रोज नवं हॉटेल, रोज बॅगा ओढणं, आणि "गुरुवारी टिटलिस" असं भारतातूनच दगडावर कोरून येणं ही इथली सहल बिघडवण्याची खात्रीची रीत. गुरुवारी टिटलिस ढगात असेल तर काय करणार?

त्याऐवजी दोन तळ धरा. ल्युसर्न हा एक: तिथून रिगी, पिलाटुस, श्टान्सरहॉर्न, टिटलिस असे वेगवेगळ्या उंचीचे पर्याय हाताशी, आणि तिचिनोची गाडीही सोयीची. दुसरा इंटरलाकेन, श्पीत्स किंवा थून यांपैकी कुठलंही, युंगफ्राउच्या बाजूसाठी. दोन्हीकडे तीन-चार रात्री. मग कुठला दिवस कुठल्या डोंगराला, हे आकाश ठरवेल. व्हिसाच्या कार्यक्रमात रात्रीचं गाव लिहिलेलं असतं. तिथून दिवसा कुठे जाता याला कोणी बांधत नाही.

५. पास की कार्ड

स्विस ट्रॅव्हल पासवर ट्रेन, बस, बोटी आणि ५०० हून अधिक संग्रहालयं येतात. रिगी, श्टान्सरहॉर्न, श्टोस पूर्ण मोफत, बहुतेक बाकी डोंगरांवर निम्मी सूट, पण युंगफ्राउयोखला फक्त पाव. स्विस हाफ फेअर कार्डवर जवळजवळ सगळं निम्म्यात, युंगफ्राउयोखसुद्धा. माझा ढोबळ सल्ला: गावं बदलत लांब-लांब फिरणार असाल तर पास, एका तळावर राहून डोंगर जास्त करणार असाल तर कार्ड. या ऋतूत पासचा 'फ्लेक्स' प्रकार बरा, कारण महिन्याभरातले हवे ते दिवस निवडता येतात. पावसाचा एक दिवस हॉटेलात मेतकूट-भात खाऊन काढला तर पासचा दिवस फुकट जात नाही. १५ वर्षांपर्यंतची मुलं आई किंवा वडिलांबरोबर फॅमिली कार्डवर मोफत. ते कार्ड मागून घ्यावं लागतं, कोणी आपणहून हातात ठेवत नाही.

६. बॅगेत काय

एकच जाडजूड जॅकेट आणू नका, ते खाली उकडतं आणि वर पुरत नाही. अंगालगत थर्मल किंवा पूर्ण बाहीचा टी-शर्ट, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं टोपीवालं जॅकेट. कानटोपी, हातमोजे, गॉगल. बर्फावरच्या उन्हात गॉगल चैनीचा नसतो. छत्री गावात ठीक, डोंगरावर वाऱ्यानं उलटते. बूट खाचदार तळव्याचे हवेत. पावसानं भिजलेली पानं आणि लाकडी पूल या दोन गोष्टींवर पांढरे स्नीकर्सवाले हटकून घसरतात.

प्लगचं एक सांगते. इथल्या भिंतीतलं सॉकेट षट्कोनी आणि आत खोल असतं. आपला दोन बारीक पिनांचा मोबाइल चार्जर सहसा जातो, पण बाजारात 'युरोप' म्हणून मिळणारा गोल, जाड अडॅप्टर त्यात शिरतच नाही. 'स्विस' असं लिहिलेला घ्या.

खाऊ आणताना जपून. भारतातून मांसाचे आणि दूधदुभत्याचे पदार्थ आणायला मनाई आहे, म्हणजे तुपाची बरणी, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, मिरच्याही नकोत. चिवडा, चटण्या, मेतकूट, तेलातले ठेपले खुशाल आणा.

७. रोज सकाळचा निर्णय

आदल्या रात्री:

- मेटिओस्विस या इथल्या हवामान खात्याच्या अॅपवर दुसऱ्या दिवसाचा अंदाज, *शिखराचा* वेगळा आणि खोऱ्याचा वेगळा बघा. शून्य अंशाची पातळी (ज्या उंचीवर पारा शून्याला टेकतो), हिमवृष्टीची पातळी (जिथून वर पावसाऐवजी बर्फ पडतो) आणि धुक्याची वरची सीमा, हे तीन आकडे लिहून घ्या.
- वाऱ्याचा इशारा आहे का बघा.
- दोन बेत ठरवा: एक उंचीवरचा, एक खालचा.

सकाळी उठल्यावर खिडकीतून बाहेर बघून निर्णय घेऊ नका. खिडकीतून फक्त तुमचा थर दिसतो. प्रत्येक मोठ्या डोंगराचा थेट कॅमेरा असतो, तो बघा. अनेक हॉटेलांतल्या टीव्हीवर एका चॅनेलवर दिवसभर हीच चित्रं संगीताच्या साथीनं फिरत असतात, आणि तिकीटखिडकीपाशीही पडदा लावलेला असतो. पडद्यावर नुसता पांढरा चौकोन दिसत असताना महागाचं तिकीट काढणारे लोक मी पाहिलेत. "एवढ्या लांब आलोय तर जाऊन येऊ" हा विचार समजतो, पण वर तोच पांढरा चौकोन भेटतो, फक्त थंड.

मग ठरवा असं:

- खाली धुकं, वर कॅमेऱ्यात ऊन: धुक्याच्या सीमेच्या किमान तीन-चारशे मीटर वरचा डोंगर धरा. सीमा १,००० असेल तर रिगी भरपूर. झुरिकचा ऊटलिबर्ग ८७० मीटरचा, तो अशा दिवशी नेमका धुक्यात सापडू शकतो.
- वर-खाली स्वच्छ, वारा कमी: हाच तो मोठा दिवस. युंगफ्राउयोख, गॉर्नरग्राट, टिटलिस. पहिल्या-दुसऱ्या गाडीनं जा. एवढ्या उंचीवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. आजी-आजोबांना जिना सावकाश चढू द्या, आल्याआल्या बर्फात पळापळ नको.
- फ्योन: सरोवराकाठी, जुन्या गावात फिरा, रोपवेचा नाद सोडा. काठावरचा नारिंगी दिवा मिनिटाला ४० वेळा लुकलुकत असेल तर जोराच्या वाऱ्याची सूचना, ९० वेळा असेल तर वादळाचा इशारा. भाड्यानं घेतलेली पायडलबोट लगेच किनाऱ्याला लावा.
- उत्तरेला सगळीकडे पाऊस: दक्षिणेचा कॅमेरा बघा, ऊन असेल तर बोगद्यातून तिचिनो. नसेल तर संग्रहालय.

महागड्या डोंगराचं तिकीट आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी काढावं. नावाजलेल्या पॅनोरमा गाड्यांना आरक्षण लागतं, ते हवेला जुळवून घेता येत नाही. पण बर्निना एक्सप्रेसच्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात, आरक्षणाशिवाय, उघडणाऱ्या खिडक्यांसह. फोटो काढणाऱ्याला ती खिडकी मोठ्या काचेपेक्षा प्यारी.

८. गाडी घेणार असाल तर

खरं सांगायचं तर इथे गाडीची गरज नाही. तरी घाटांचा मोह होतोच. फुर्का (२,४२९ मीटर), ग्रिमझेल, सुस्टेन, नुफेनेन (२,४७८) हे रस्ते सप्टेंबरात बहुधा खुले असतात, पण एका रात्रीच्या बर्फानं बंद होऊ शकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते हिवाळ्यासाठी बंद होतात. निघण्याआधी घाट उघडा आहे का ते बघाच, आणि पर्यायी रस्ता ठेवा. बंद घाटाला वळसा म्हणजे काही तासांचं काम.

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ परवाना दोन्ही जवळ हवेत. महामार्गांसाठी ४० फ्रँकचं वार्षिक व्हिनिएट, म्हणजे टोलचा स्टिकर, लागतं. इथे भाड्यानं घेतलेल्या गाडीला ते सहसा असतंच, शेजारच्या देशातून आणत असाल तर विचारा. हिवाळी टायरची कायद्यानं सक्ती नाही, पण अयोग्य टायरनं अपघात केला तर जबाबदारी तुमच्यावर येते. वळणावर तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला तर समजा पिवळी पोस्टबस येतेय. तिला वाट द्यायची, आणि चालक खुणावेल तसं मागे-पुढे व्हायचं.

सप्टेंबरात गाई डोंगरावरच्या कुरणांतून खाली उतरतात, डोक्यावर फुलं, गळ्यात घंटा. रस्ता अडला तर हॉर्न वाजवू नका, उतरून बघा. मुद्दाम बघायचं असेल तर एंटलेबुखमधल्या श्युप्फहाइमला सप्टेंबरच्या अखेरीस जा.

९. पायवाटा

पिवळी पाटी साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरी वाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अवघड आल्पाइन वाट, तो दिसला तर मागे फिरा. पाटीवर अंतर नसतं, वेळ असते, आणि त्या वेळेत फोटो, चहा, नातवंडं धरलेली नसतात, दीडपट धरा. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर ऑक्टोबरात दुपारीही दव गोठलेलं असतं. रोपवेनं वर जाऊन पायी उतरणार असाल तर मधल्या स्थानकाची शेवटची गाडी किती वाजता, ते वर जातानाच फोटो काढून ठेवा. शरदात ती उन्हाळ्यापेक्षा लवकर सुटते. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १४४, हवाई बचावाला १४१४.

१०. रविवार

रविवारी दुकानं बंद. झुरिक, बर्न, ल्युसर्नच्या मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केटं तेवढी चालू. सप्टेंबरचा तिसरा रविवार हा राष्ट्रीय प्रार्थनादिन, आणि लोझान-माँत्रोकडे तर पुढचा सोमवारही सुट्टीचा. तिकडे मुक्काम असेल तर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत दूध, ब्रेड, भाजी घेऊन ठेवा.